चाई आणि नखं: घरी कशी बघायची, डॉक्टरांना काय विचारायचं, काय टाळायचं

चाई पडली की सगळ्यांचं लक्ष डोक्याकडं जातं. भांग फिरवून पाडणं, टोपी, ओढणी, कुणाच्या तरी सांगण्यावरून कांद्याचा रस. त्याच वेळी नखांवर बारीक खड्डे पडलेले असतात, ते कुणी बघत नाही. बघितलेच तर ‘कॅल्शियम कमी असेल’ म्हणून विषय संपतो. नाहीतर उलट टोक: नखं खडबडीत दिसली की बुरशी समजून मेडिकलमधनं गोळ्यांची पट्टी आणि एक ट्यूब न्यायची. बेळगावात माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळं हे दुसरं टोक मी रोज बघतो. महिनोन्‌महिने बुरशीच्या गोळ्या खाल्लेली माणसं येतात, नख आहे तसंच, कारण बुरशी मुळात नव्हतीच. चाई असलेल्या माणसाचं नख बिघडलं तर आधी ते बघायचं, तपासायचं आणि मगच काय घ्यायचं ते ठरवायचं. कसं, ते पुढं सांगतो.

नख बिघडतं कुठं

चाईला डॉक्टरांच्या कागदावर ‘अ‍ॅलोपेशिया एरिआटा’ लिहिलेलं असतं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती वाढत्या केसांच्या मुळांनाच परकं समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. मूळ मरत नाही, फक्त काम थांबवतं, म्हणूनच केस गेलेली गोल चकती गुळगुळीत असते, तिथं वण नसतो आणि केस परत येऊ शकतात. यात कीड नाही, घाण नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागण्यासारखंही काही नाही. आपल्याकडं ‘चाईचा किडा केस खातो’ अशी समजूत अजून आहे. त्यामुळं न्हाव्याकडं वेगळा वस्तरा मागणारे लोक मी बघितलेत. वस्तरा वेगळा असावाच, पण तो चाईसाठी नव्हे.

नखाचा कारखाना दिसत नाही. नखाच्या मुळाशी जी कातडी आहे तिच्याखाली काही मिलिमीटर आत तो असतो, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. केसांच्या मुळाशी जी गडबड होते तशीच इथंही होऊ शकते. थोड्या जागी पेशी नीट पिकल्या नाहीत तर त्या नखाच्या पृष्ठभागावरनं झडून जातात आणि खड्डा राहतो. सगळीकडंच बिघडलं तर अख्खं नख खडबडीत येतं. बाहेर आलेलं नख निर्जीव असतं, हे डोक्यात पक्कं बसवा. पडलेला खड्डा कुठल्याही तेलानं भरत नाही, तो वाढून पुढं सरकतो आणि शेवटी कापला जातो. उपचार करायचाच तर तो कारखान्यावर करायचा.

चाईच्या किती रुग्णांची नखं बिघडतात? वेगवेगळ्या पाहण्यांत हा आकडा १० टक्क्यांपासून ६६ टक्क्यांपर्यंत जातो. साधारण दहांत तिघं असं धरून चाला. लहान मुलांत आणि ज्यांचे डोक्यावरचे किंवा अंगावरचे सगळे केस गेलेत त्यांच्यात प्रमाण जास्त. नखं केसांच्या आधी बिघडू शकतात, बरोबर बिघडू शकतात, आणि केस आल्यानंतरही तशीच राहू शकतात. निपाणीकडच्या एक मावशी दुकानात म्हणाल्या होत्या, “केस आले खरं, नखं तशीच हाईत.” त्यांना वाटलं आजार आत दबा धरून बसलाय. तसं असतंच असं नाही. नख हळू वाढतं, एवढंच बऱ्याचदा कारण असतं.

पहिलं काम: उजेडात बसून बघणं

सकाळच्या उन्हात, अंगणात किंवा खिडकीशी बसा. ट्यूबलाइटखाली खड्डे दिसत नाहीत. नेलपॉलिश काढा. मेंदी ताजी असेल तर रंग उतरेपर्यंत थांबा, कारण मेंदीखाली लाल-पांढरा फरक कळत नाही. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा.

आता बोट डोळ्यासमोर सरळ धरू नका, आडवं धरा, म्हणजे ऊन नखावर बाजूनं पडेल. सपाट दिसणाऱ्या नखावर या तिरप्या उजेडात एकदम बारीक खळगे उठून दिसतात. चाईतले खळगे टाचणीच्या डोक्याहून लहान, उथळ, आणि बऱ्याचदा रांगेत असतात. कधी आडव्या ओळी, कधी आडव्या-उभ्या दोन्ही, जणू कुणी मोजून मारलेत. ही शिस्त लक्षात ठेवा, पुढं सोरायसिस या कातडीच्या आजारापासून वेगळं काढताना ती कामाला येते. एखाद्या नखावर एक-दोन खड्डे तर चांगल्या माणसालाही असतात, त्याचं काही नाही.

मग दुसऱ्या हाताच्या बोटाचं टोक नखावर मुळापासून पुढं फिरवा. नख पॉलिश पेपरनं घासल्यासारखं लागतं का? चकाकी गेलीय का, उभ्या बारीक रेघा दाट आहेत का? कापसाचा बोळा हलकेच फिरवला तर धागे अडकतात का? असं नख म्हणजे ट्रॅकीओनिकिया. पुस्तकात याला ‘वीस नखांचा आजार’ असंही म्हणतात, पण विसाच्या वीस नखांना होतोच असं नाही. दिसायला वाईट, पण यात नखाच्या मुळाशी वण पडत नाही, ही मोठी समाधानाची गोष्ट.

पुढं नखाच्या मुळाशी असलेला पांढुरका अर्धचंद्र बघा. अंगठ्याला तो स्पष्ट असतो. तो लालसर किंवा लाल-पांढरा ठिपकेदार दिसला तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. चाईत हे कमी दिसतं, पण दिसलं तर आजार चालू असल्याची खूण असू शकते.

पांढरे ठिपके आणि आडव्या पांढऱ्या पट्ट्याही असतात. आपल्याकडं बगळ्यांचा थवा गेला की पोरं नखं एकमेकांवर घासायची, आणि नखावर पांढरा ठिपका आला की बगळ्यानं दिला म्हणायची. ते ठिपके बहुतेक वेळा मुळाशी कधीतरी लागलेल्या माराचे. एक-दोन असतील तर विसरून जा. बऱ्याच नखांवर एकदम आले असतील तर नोंद करा.

शिवाय आडवी खोल घळ, मुळाकडनं सुटून येणारं नख, पातळ होऊन उभं चिरणारं नख, हेही चाईत होतं. घळ मात्र कडक ताप, डेंग्यू, मोठं ऑपरेशन यानंतरही पडते. तेव्हा गेल्या दोन-चार महिन्यांत काय झालं ते आठवा.

पायाची नखं विसरू नका. बूट-चप्पल, शेतातला चिखल आणि ठेच यानं ती तशीही खराब असतात, त्यामुळं निष्कर्ष हाताच्या नखांवरनं काढायचा, पण बघायची वीसही.

दुसरं काम: नोंद

फोटो काढा. एका फोटोत चार बोटं, दुसऱ्यात अंगठा, तसंच दुसऱ्या हाताचं. तोच मोबाइल, तीच खिडकी, तीच वेळ. फ्लॅश बंद. शेजारी शाळेची पट्टी ठेवा, म्हणजे मिलिमीटर दिसतील. महिन्यातनं एकदा पुरे, रोज काढलात तर फरक दिसणार नाही आणि डोकं मात्र फिरेल.

पट्टी कशासाठी, तर हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळाच्या कातडीपासून खड्ड्यांची रांग ६ मिलिमीटरवर असेल तर ती कातडीबाहेर येऊन दोन महिने झाले. आत वाढायला लागलेला वेळ धरला तर गडबड त्याच्याही महिना-दीड महिना आधीची. ही तारीख डोक्यावरची चकती पहिल्यांदा दिसली त्या तारखेशी ताडून बघा. आणि त्याहून महत्त्वाचं: मुळालगतचं नवं नख कसं येतंय? ते गुळगुळीत असेल तर आजार त्या बोटात तरी थांबलाय, टोकाकडं कितीही खड्डे असू देत. मुळालगतच खडबडीत असेल तर अजून चालू आहे. केवळ या एका निरीक्षणानं निम्मी काळजी मिटते किंवा वेळेत जागी होते.

हाताचं अख्खं नख बदलायला चार ते सहा महिने, पायाच्या अंगठ्याचं बारा ते अठरा. उपचाराचा हिशेबही याच मापानं करायचा. पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे स्वतःचंच नुकसान करून घेतात.

तिसरं काम: दुसरं काही नाही ना?

इथं मी जरा जास्त थांबतो, कारण चुका इथंच होतात. चाई आहे म्हणून नखाचा प्रत्येक बिघाड चाईचाच, असं नसतं.

बुरशी. तिची सवय अशी: बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासनं सुरू होते, एक-दोन नखं धरते, दोन्ही बाजूंना सारखी नसते. नख पिवळट-तपकिरी, जाड, खाली भुसा साठलेला, टोकाकडनं उचललेलं. बोटांच्या बेचक्यात खाज आणि चिखल्या असतात. चाईतलं नख उलट: बऱ्याच नखांना एकदम, दोन्ही हातांना साधारण सारखं, वरचा पृष्ठभाग बिघडलेला आणि खाली भुसा नाही. लहान मुलांत नखाची बुरशी तशी कमीच. तरी शंका असेल तर केओएच तपासणी करायची. नखाचा खरवडा पोटॅशच्या द्रावणात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, स्वस्त आणि झटपट काम. ती काही वेळा बुरशी असूनही ‘नाही’ दाखवते. तेव्हा डॉक्टर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं, किंवा नखाचा तुकडा खास रंग देऊन तपासायला पाठवतात, आणि कल्चरला काही आठवडे लागतात. टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी हाताच्या नखांना साधारण सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा आठवडे देतात आणि यकृताची काळजी घ्यावी लागते. एवढं औषध तपासणीशिवाय पोटात घालू नये. मी माझ्या काउंटरवरनं ते चिठ्ठीशिवाय देत नाही, मागणारा रागावला तरी.

सोरायसिस. यातही खड्डे पडतात, पण ते मोठे, खोल आणि वेडेवाकडे पसरलेले. नखाखाली तेलाचा डाग पडल्यासारखा पिवळट-गुलाबी ठिपका, टोकाकडं नख सुटलेलं. कोपर, गुडघा, कानामागं, टाळूवर चांदीसारखे पापुद्रे असतील तर तेही दाखवा. बोटांचे सांधे सकाळी धरतात का, तेही सांगा.

लायकेन प्लॅनस. हा कातडी, तोंड आणि नखांना धरणारा आजार. नखाच्या आजारांत मला सर्वात भीती याची वाटते. नख पातळ होत जातं, उभं चिरतं, आणि मुळाची कातडी पुढं सरकून नखाला चिकटते, नख मधोमध दुभंगतं. हे झालं की त्या जागी नख कायमचं जाऊ शकतं. तोंडात गालांच्या आतनं पांढऱ्या जाळीदार रेषा, अंगावर जांभळट खाजरे उंचवटे, असं काही असेल तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ नाही, या आठवड्यात जायचं.

पाण्यातलं काम. भांडी, धुणं, गोठा, हॉटेलचं किचन यात दिवसभर हात ओले असणाऱ्यांची नखाच्या मुळाची कातडी सुजते, दुखते, दाबली की पू येतो. हे आपलं नखुरडं किंवा त्याचा जुनाट भाऊ. मुळाशी सूज राहिली की नखावर आडव्या लाटा उठतात. चाईत मुळाची कातडी सहसा अशी सुजत नाही.

रक्त कमी. नख चमच्यासारखं खोलगट झालंय का बघायला नखावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब ओघळला नाही, नखातच बसून राहिला, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. बायकांत हे फार, आणि लोह कमी असलं तर केसही विरळ होतात. पण ते सगळीकडनं, चाईसारखी चकती पडून नव्हे.

सवय. अंगठ्याच्या मुळाची कातडी दुसऱ्या बोटानं सारखी खरवडणारे लोक असतात. फक्त अंगठ्यांवर, मधोमध, शिडीसारख्या आडव्या पायऱ्या दिसल्या तर आधी हाताला विचारा.

आणि एक बाहेरची गोष्ट. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव भागातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळाले आणि काही महिन्यांनी काहींची नखं बिघडून सुटायला लागली, हे सगळ्यांनी वाचलं. त्यात सेलेनियम जास्त झाल्याचा संशय पुढं आला. ती चाई नव्हती. तेव्हा घरातल्या किंवा गल्लीतल्या बऱ्याच जणांचे केस आणि नखं एकदम जाऊ लागली तर आपापली मलमं शोधत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. चाई अशी गावभर येत नाही.

एकाच नखात मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी उभी पट्टी आली, ती रुंद होत चाललीय, किंवा तिचा रंग मुळाच्या कातडीवर उतरलाय, तर चाई-बिई बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा. सावळ्या माणसांत अशा पट्ट्या बऱ्याचदा निरुपद्रवी असतात, पण क्वचित तो कर्करोग असतो, आणि ते घरी बसून ठरवता येत नाही.

चौथं काम: डॉक्टरांकडं जाणं

त्वचारोगतज्ज्ञ हवा. नख हे त्यांचंच काम. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्सचं रुग्णालय आणि नेहरूनगरचं केएलई इस्पितळ, दोन्हीकडं त्वचारोग विभाग आहे. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगलची मंडळी इकडंच येतात. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, अथणी-कागवाडकरांना मिरज जवळ पडतं. बीदर, भालकी, औरादकडं असाल तर बीदरचं सरकारी मेडिकल कॉलेज. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधनं शक्ती योजनेत फुकट प्रवास आहे, तेव्हा खानापूरहून सिव्हिलला दोन-तीन खेपा पडल्या तरी तिकिटाचा प्रश्न नाही. आधार कार्ड बरोबर ठेवा. सरकारी दवाखान्यात पाट्या कन्नड-इंग्रजीत असल्या तरी खिडकीवर ‘चर्मरोग’ म्हटलं की काम होतं, कन्नडमध्येही तोच शब्द.

जाण्याआधी: दोन आठवडे नखं कापू नका, तुकडा लागू शकतो. बुरशीचं मलम लावत असाल तर डॉक्टरांना फोन करून किंवा आधीच्या भेटीत विचारून ते काही आठवडे बंद ठेवा, नाहीतर केओएच फसते. नेलपॉलिश नको. डोक्याला तेल चोपडून जाऊ नका, डॉक्टर भिंगानं चकतीच्या कडेचे केस बघतात, आणि उद्गारचिन्हासारखे टोकाकडं जाड, मुळाकडं बारीक झालेले केस सापडले तर निदान तिथंच होतं. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या सुद्धा, पिशवीत घालून न्या. नाव आठवत नसलं तरी चालेल, खोकं दाखवा.

बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद करा आणि लॅबला सांगा. बायोटिनमुळं थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, हृदयाच्या ट्रोपोनिन तपासणीतही घोळ होतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २०१७ मध्येच याचा इशारा दिलाय. आणि चाईच्या नखांना बायोटिननं फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही. दुकानात त्या गोळ्या खपतात, मी विकतोही, पण कुणी विचारलं तर खरं सांगतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे ठेवा. हे चाईचंच नख आहे का? केओएच करायची का? थायरॉइड बघायचं का? चाईवाल्यांत थायरॉइडचा बिघाड आणि कोड जरा जास्त दिसतं, म्हणून हा प्रश्न. उपचार न करता थांबलं तर काय होईल? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि बऱ्याचदा त्याचंच उत्तर सर्वात उपयोगी असतं.

पाचवं काम: उपचार, किंवा काहीच न करणं

बारीक खड्ड्यांसाठी बहुतेकदा काहीच करायला लागत नाही. चाई शांत झाली की तेही जातात. नख दुखत असेल, कामात अडत असेल, किंवा लोकांसमोर हात काढायला नको वाटत असेल, तर उपचाराला अर्थ आहे. शेवटचं कारणही कारणच आहे. बॅंकेत काउंटरवर बसणाऱ्या पोरीला ‘दिसण्याचंच तर आहे’ म्हणणं सोपं असतं.

पहिली पायरी तीव्र स्टेरॉइड मलम, सहसा क्लोबेटासॉल. ते नखावर नाही, नखाच्या मुळाच्या कातडीवर लावायचं, कारण कारखाना तिथं आहे. रात्री, तांदळाच्या दाण्याएवढं, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतं. मुदत संपली की बंद. जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते, बोटाचं टोकही बारीक होऊ शकतं. आणि ट्यूब नीट वाचा: स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेली ‘सगळ्यावर एक’ मलमं बाजारात ढिगानं आहेत. खाज-गजकर्णावर ती बेधडक वापरून आपल्या भागात चिवट गजकर्ण वाढलंय, नखावर तर त्यांचा काही उपयोग नाही.

गुण आला नाही तर मुळाच्या कातडीत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. बोटाला दुखतं, खोटं कशाला सांगू. म्हणून एक-दोन महत्त्वाच्या नखांपुरतं देतात, बोट बधिर करून किंवा गार करून. काही डॉक्टर टॅझारोटीन किंवा कॅल्सिपोट्रिऑल ही मलमं लावायला देतात.

जॅक इनहिबिटर या नव्या गोळ्यांबद्दल आता गावोगाव विचारतात. गंभीर चाईसाठी अमेरिकेत बॅरिसिटिनिबला जून २०२२ मध्ये आणि बारा वर्षांवरच्यांसाठी रिटलेसिटिनिबला जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडं टोफासिटिनिबही डॉक्टर वापरतात. केसांबरोबर नखं सुधारल्याची उदाहरणं आहेत. पण या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. सुरू करण्याआधी क्षयरोग, कावीळ बी आणि सी, रक्तपेशी, यकृत, चरबी या तपासण्या लागतात, आणि आपल्या भागात क्षयरोगाची तपासणी तर टाळताच येत नाही. नुसत्या नखासाठी या गोळ्या घेऊ नका. केसांसाठी घेतल्या आणि नखं सुधारली तर तो वरचा नफा.

घरगुती उपायांपैकी दोन साफ बंद: बिब्बा आणि गुंज. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, फोड येतात, काळा डाग राहतो. गुंजेच्या बीत विष असतं आणि घरात लहान पोर असेल तर ती बी उखळात कुटणं म्हणजे संकटाला बोलावणं. खोबरेल तेलाला माझी काही हरकत नाही, नख त्यानं कमी चिरतं. औषध म्हणून नव्हे, निगा म्हणून लावा.

रोजची निगा, कामाप्रमाणं

नखं आखूड ठेवा आणि आंघोळीनंतर मऊ असताना कापा. खडबडीत कडा कानसनं एकाच दिशेनं घासा, वरचा पृष्ठभाग मात्र घासून गुळगुळीत करायला जाऊ नका. मुळाची कातडी पार्लरमध्ये ढकलून कापतात, ते करू देऊ नका. ती कारखान्याच्या दाराची फळी आहे, गेली की पाणी आणि जंतू आत. साधं नेलपॉलिश चालतं, खड्डे झाकतं. काढायला अ‍ॅसिटोन नसलेलं द्रावण घ्या. जेल आणि चिकटवायची नखं नकोत, काढताना पातळ नखाचा थर निघतो.

धुणं-भांड्याला आतनं सुती हातमोजे, वरनं रबरी. नुसता रबर घातला तर घामानं हात आतल्या आत ओले. निपाणीकडं तंबाखूच्या कामातल्या बायकांची नखं तपकिरी होतात, तो डाग आहे, रोग नव्हे, पण धुळीनं मुळाची कातडी चिरली की दुखणं सुरू. त्यांनी काम संपल्यावर साबणानं हात धुऊन लगेच व्हॅसलीन चोळावं. वडगाव-शहापूरच्या मागावर बसणाऱ्यांचं खडबडीत नख सुतात अडकतं आणि मुळापासून उचकटतं, तिथं बोटाला कागदी चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो. लावणीला चिखलात उतरणाऱ्यांनी संध्याकाळी पायाच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चाईच्या नखात बुरशीही घर करते, आणि मग दोन आजार एका नखात ओळखणं डॉक्टरांनाही जड जातं.

मुलांचं

लहान मुलांची खडबडीत नखं बहुतेकदा काही वर्षांत आपोआप सुधारतात. म्हणून डॉक्टर ‘थांबू’ म्हणाले तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. पाच-सात वर्षांच्या मुलाला बोटात इंजेक्शन देण्याइतकं ते तातडीचं नसतं. डोक्यावर पापुद्रे, तुटके केस, खाज असेल तर मात्र ती चाई नसून टाळूची बुरशी असू शकते. ती मुलांत होते, एकाची दुसऱ्याला लागते आणि तिला पोटातनं गोळ्या लागतात.

शाळेत नखं तपासतात तेव्हा या मुलांना ‘घाणेरडी’ म्हणून ओरडा बसतो, आणि चकतीमुळं बाकावर कुणी शेजारी बसत नाही. डॉक्टरांकडनं दोन ओळी लिहून घ्या: हा त्वचेचा आजार आहे, संसर्गजन्य नाही, नखांचा खडबडीतपणा मळाचा नाही. शाळा कन्नड माध्यमाची असेल तर त्याच कागदावर कन्नडमध्येही लिहून मागा आणि वर्गशिक्षकांच्या हातात द्या, दप्तरात ठेवून पाठवू नका. दर जूनला वर्ग बदलला की त्याची नवी प्रत.